आमच्या दारात बिघडणारी व्हॅन

शहरात सरकारी बस सुरू झाली आणि व्हॅनवाल्यांना शिस्त लावायचं ठरलं. तोवर हात दाखवला की व्हॅन थांबायची. आता सवारी ठरलेल्या थांब्यावरच घ्यायची. मध्ये गाडी थांबली, तर ती बिघडलेलीच हवी. हे शेवटचं कलम कुणाला सुचलं, देव जाणे. आमचा सगळा कारभार त्यावर चालला.

थांबा घरापासून लांब, आणि आईचे गुडघे गेलेले. ती इलाइट चौराह्यापलीकडच्या शाळेत गणित शिकवायची. "घरात बसले की मी संपले," असं म्हणायची आणि तिला खरंच तसं वाटायचं. मला त्या नियमवाल्यांचा असा राग आला होता!

पहिल्याच आठवड्यात तिची नेहमीची व्हॅन नेमकी आमच्या दारात बिघडली. ड्रायव्हरने पुढच्या सवाऱ्या उतरवल्या, सीट उचलून खालच्या इंजिनाकडे गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाला, "अम्माजी, बैठो जल्दी."

"पहले बताओ, बिगड़ा क्या है?"

बिचारा गडबडला. "गरम हो गई."

आई लंगडत आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. ते घातल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवीना. खोटेपणा तिला खपत नसे. पाणी घातलं म्हणजे रीतसर दुरुस्ती झाली. मग हे रोजचंच झालं. इंजिनाच्या पाण्याची बाटली आधीच भरलेली असायची, त्यामुळे तांब्यातलं सगळं पाणी रस्त्यावर जायचं. नियम पाळायला लावण्यासाठी नेमलेला हवालदारच कोपऱ्यावरून ओरडायचा, "अम्मा, पानी ले आओ, गाड़ी आ रई!"

आई निवृत्त होईपर्यंत ती व्हॅन इमानेइतबारे बिघडत राहिली.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आई घरच्या पातळात, गार झालेला चहा हातात धरून नुसती बसली होती. मला बघवेना. तेवढ्यात व्हॅन दारात थांबली.

"भैया, अब मुझे कहीं नहीं जाना," आई खिडकीतून म्हणाली.

"अम्माजी, आज सच में बिगड़ गई!"

कुणाचाच विश्वास बसेना. हवालदार हसत सुटला, सवाऱ्या जागच्या उठेनात, आणि ड्रायव्हरला घाम फुटला.

आईने कप खाली ठेवला. साडी बदलली, शाळेची पर्स काखेत मारली, तांब्या भरून आणून पाणी घातलं आणि खिडकीजवळची आपली जागा धरली.

गाडी दुपारपर्यंत हलली नाही. आईसुद्धा.