वर्गातला कुबट वास

मला एका वासाचा राग येतो. हे वाचून कुणी हसेल, पण जूनमध्ये आमच्या शाळेचं दार पहिल्यांदा उघडतं तेव्हा जो वास अंगावर येतो तो ज्यांनी घेतलाय ते हसणार नाहीत. ओल्या बसकरपट्ट्या, पोषण आहाराच्या तांदळाची उरलेली पोती, उंदरांच्या लेंड्या, फुगून भिंतीवरून सुटलेले तक्ते, आणि या सगळ्यावर कडी म्हणून नुकताच मारलेला ऑइलपेंट. आत पाऊल टाकलं की डोळे चुरचुरतात. अशा वर्गात आम्ही पहिल्या दिवशी मुलांच्या हातात फूल देऊन त्यांना आत घेतो, फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो.

शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये. शिक्षक दोनच. मी चौलहून स्कूटरने येते. मुख्याध्यापक घाटावरचे. सुट्टी लागली की शाळेची चावी शाळा समितीच्या अध्यक्षांकडे देऊन ते त्याच दिवशी गावची गाडी पकडतात. त्यांचं घरदार तिकडे, त्यांना दोष देणं बरोबर नाही, पण माझा राग एवढा आहे की त्यांच्याही वाट्याला थोडा येतो.

अध्यक्ष मेच्या शेवटी शाळेची आगोट करतात. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी. आमच्याकडे ती घरोघर चालते. सुकी मासळी डब्यात जाते, लाकडं पडवीत येतात, पावसाची झड ज्या बाजूने येते त्या बाजूला पूर्वी झावळ्यांचे झाप बांधायचे, आता निळी ताडपत्री बांधतात. घराचं करतात तसंच हे लोक शाळेचंही करतात, मोठ्या आपुलकीने. खिडक्या आतून लावायच्या, बाहेरून ताडपत्री ताणायची, वर लाकडाच्या पट्ट्या ठोकायच्या. मागे एका वादळात छप्पर उडालं तेव्हा छपराखालच्या हवेसाठीच्या जाळ्यांतून पाणी आत आलं होतं, म्हणून नवं छप्पर घालताना त्या जाळ्याही सिमेंटने लिंपून टाकल्या. काम चोख झालं म्हणून गवंड्याला शाल दिली.

आता घराचं कसं असतं? घरात चूल पेटते, माणसं वावरतात, दार दिवसभर उघडं असतं. कपडे वाळतात, भिंती वाळतात. ताडपत्री लावली तरी घर श्वास घेतं. शाळेत सुट्टीत कोण असतं? एक माणूस नाही, एक दिवा नाही. वळवाच्या पावसाने भिंतीत मुरलेली ओल आतल्या आत कुजत बसते. छताच्या कोपऱ्यांत काळे ठिपके धरतात, मग ते खाली उतरतात. मुख्याध्यापक आले की त्यावर रंगाचा हात मारून घेतात. बुरशी खरवडायची नाही, साबणाच्या पाण्याने पुसायची नाही, भिंत वाळू द्यायची नाही, नुसता रंग मारायचा. ऑगस्ट उजाडायच्या आत ती रंगातून पुन्हा डोकं वर काढते.

हे सगळं मी इतर शिक्षकांसारखी मूग गिळून पाहत राहिले असते की नाही, ठाऊक नाही. पण माझ्या वर्गात एक मुलगी होती. दम्याची. सुट्टीत ठणठणीत असायची, समुद्रावर धावायची, आंब्याच्या झाडावर चढायची. शाळा सुरू झाली की आठवड्याभरात तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. तिसरीत येईपर्यंत दर जून-जुलै तिचा निम्माशिम्मा घरीच गेला होता. तिची आई शाळेशेजारच्या कॉटेजेसमध्ये कामाला. वडील ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा घरी.

एप्रिलमध्ये आई मला भेटायला आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, डॉक्टर बोलला, हिला वलीपासून लांब ठेवा. या पावसात पुन्हा तसाच झाला तर मी तिला पालीला मामाकडं ठेवनार. तितंच शाळेत घालीन."

"आणि तुम्ही?"

"मी कशी जानार? माझा काम हितं हाय."

आठ वर्षांची पोर आईला सोडून जाणार, कशामुळे, तर आम्ही एक वर्ग कोरडा ठेवू शकत नाही म्हणून! त्या दिवशी मी ठरवलं की या सुट्टीत खिडक्या उघड्या राहतील, मग काहीही होवो.

मेच्या मध्याला मी अध्यक्षांकडे चावी मागायला गेले. शेजारची कॉटेजेस त्यांचीच, मुलीची आई त्यांच्याकडेच कामाला. सकाळची वेळ होती. खोल्या रिकाम्या होत्या, तरी सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या, आत पंखे गरगरत होते, गाद्या अंगणात उन्हाला टाकलेल्या, आणि मुलीची आई त्या उलटसुलट करत होती. अध्यक्ष खुर्चीत बसून तिला सांगत होते, "तीन नंबरचीपन काढ बाहेर. बाथरूमचा दार उघडा ठेव."

मी विचारलं, "गिऱ्हाईक नाही तरी पंखे चालू?"

"ठेवावाच लागतो, बाई. दोन दिवस बंद राहिला की कुबट मारतंय. लोकांना लगेच कळतं. मोबाईलवर एक स्टार टाकून मोकळे होतात."

म्हणजे माणसाला सगळं कळत होतं. कुबट वास कशाने येतो, कशाने जातो, गादी कधी उन्हाला टाकायची, दार किती वेळ उघडं ठेवायचं. मला वाटलं, झालं आपलं काम. मी चावी मागितली. म्हटलं, रोज सकाळी येऊन खिडक्या उघडेन, बसकरपट्ट्या उन्हाला टाकेन, दुपारी बंद करून जाईन.

"नको, नको. आत टीव्ही हाय. काय झाला तर मीच सापडेन. मी उघडत जाईन ना."

"मग ताडपत्री लावू नका यंदा. निदान समुद्राच्या बाजूची तरी नको. मुलं आजारी पडतात."

ते हसले. "आवो, शाळेत कोन झोपायला येतं? वास काय, चार दिवसांत जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलीची आई दोन पावलांवर गादी धोपटत उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि मान वर केली नाही. मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं नक्की, कारण रस्त्यावरचा पाववाला सायकल थांबवून बघत होता. शेवटी अध्यक्षांनी शब्द दिला, उघडतो म्हणाले. मी शब्दावर विसंबले आणि प्रशिक्षणाला अलिबागला जात राहिले.

जूनच्या सुरुवातीला तिथून जाताना पाहिलं तर ताडपत्री ठोकलेली. फोन केला. "वादळाचा इशारा हाय ना, बाई, म्हनून बांधली." इशारा येऊन गेला, वादळ दुसरीकडे गेलं, ताडपत्री राहिली. मी मुख्याध्यापकांना फोन केला तर ते म्हणाले, आल्यावर बघू. आले आणि त्यांनी रंगारी बोलावला.

पहिल्या दिवशी पाऊस होता. दाराला फुगे, उंबऱ्यात रांगोळी, पाहुणे म्हणून पंचायतीतली माणसं. झड आत येते म्हणून दारही ओढून घेतलं. पंखे लावले तेव्हा त्यांच्या पात्यांवरची सुट्टीभराची धूळ खाली आली आणि मुलं हसली. स्वागतगीत म्हणायला ती मुलगी पुढच्या रांगेत होती, केसांत गजरा, नवा गणवेश. दुसऱ्या कडव्याला ती खोकायला लागली. मला वाटलं, थांबेल. थांबेना. तिचे खांदे वर-खाली होऊ लागले, गळ्याजवळचा खळगा आत ओढला जायला लागला. आणि अध्यक्षांचं भाषण चालू. मी सगळ्यांना ढकलून तिच्याकडे गेले, दप्तरातला पंप काढून तिच्या तोंडाला लावला, तिला उचललं आणि बाहेर धावले.

डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलावली, पण ती रेवदंड्याहून यायला वेळ लागणार होता. पावसात उभं कुठे राहायचं? मी तिला घेऊन सरळ शेजारच्या कॉटेजमध्ये शिरले. आई तिथेच पलंगावर चादर घालत होती. तिने मुलीला मागे उशा देऊन बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. खोली कोरडी होती. खिडकीतून वारा येत होता, पडदे हलत होते, कुठेही कसलाही वास नव्हता. पंप पुन्हा दिला. हळूहळू शिट्टी कमी झाली. तोंडावर रंग आला.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हितं वास नाय येत."

तेवढ्यात अध्यक्ष दारात आले. भाषण संपवून आले होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, बरी आहे ना म्हणून विचारलं, मग पलंगाकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, "दुपारला बुकिंग हाय या रूमचा. तेवढा बघ."

मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "लाज वाटत नाही तुम्हाला?" ते म्हणाले, "मी काय केला, बाई?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला तेच जास्त झोंबलं.

रिक्षा आली. आईने मुलीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने, वाकून, चादरीवरची सुरकुती सरळ करायला लागली. मी ओरडले, "राहू द्या हो ते!" ती म्हणाली, "पावणे येतील ना, बाई." उशी झटकून जागेवर ठेवली आणि मगच बाहेर पडली.

मी शाळेत परत गेले ती कॉटेजच्या अंगणातला विळा घेऊनच. पाहुणे चहा पीत होते. त्यांच्यासमोर ताडपत्रीची एकेक दोरी कापली, पट्ट्या उचकटल्या, खिडक्या उघडल्या. कुणी अडवलं नाही. चार दिवसांनी छपराखालच्या जाळ्याही फोडून घेतल्या, बुरशी धुवून काढली. अध्यक्षांनी उघड्या खिडक्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

आता समुद्राचा वारा पार फळ्यापर्यंत येतो. मुलं कमी खोकतात. पालक येऊन म्हणतात, बाई, वर्ग कसा मोकळा वाटतो. ती मुलगी मात्र शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात पालीला मामाकडे गेली, आणि तिची आई अजून रोज सकाळी कॉटेजेसच्या त्या खोल्यांच्या खिडक्या उघडते.