माझ्या वाट्याचा तास

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं मोठं ऑपरेशन असलं की प्रार्थनेची साखळी धरतात. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत एकेकानं एकेक तास वाटून घ्यायचा, आपापल्या घरी दार लावून गुडघ्यावर बसायचं, आणि तास संपला की पुढच्याला फोन करायचा, की माझी वेळ झाली, आता तुम्ही घ्या. मधी साखळी तुटू द्यायची नाय. पंचवीस वर्षं मी हे करत आलेय. महिला मंडळात कुणी प्रार्थनेत पेंगताना दिसलं तर मीच आधी टोकते. तोंडाची मी फटकळ, सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्याच एका बाईच्या पोटातली गाठ काढायची होती. ती बिडकीनला अंगणवाडीत शिकवते. नवरा नाय, घरात ती आणि म्हातारी सासू. ऑपरेशन दुपारी एकचं. पाळकसाहेबांना सांगून तिनं एक ते दोनचा तास मुद्दाम मला द्यायला लावला. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलेच.

त्या दिवशी भांडी आवरून पुंडलिकनगरच्या आमच्या घरात मागच्या खोलीत बसले. वेळ बघायला म्हणून मोबाईल जवळ ठेवला. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि एकला पाच कमी असताना त्यावर सिल्लोडच्या साडीवालीचं विक्रीचं लाईव्ह सुरू झालं. म्हटलं, एकच मिनिट बघू. ती बाई लई लबाड. एकेक साडी उलगडून दाखवायची आणि वर म्हणायची, हा एकच पीस राहिलाय ताई, लवकर स्क्रीनचा फोटो पाठवा. मी पाठवला. एकला आधीच्या बाईंचा फोन आला, तर बसते म्हणाले आणि परत साड्यांत. आधी जांभळी घेतली, मग तिचे काठ आवडेनात म्हणून मोरपंखी. मान वर केली तर दोन वाजायला दोन मिनिटं कमी. प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून निघाला नव्हता.

आणि मी काय करावं? दोनला पुढच्या काकांना फोन लावला आणि सांगितलं, लई आशीर्वादाचा तास गेला. हे इतकं सराईतपणे माझ्याच तोंडून निघालेलं ऐकून मी हबकले. ही बाई कोण, असं झालं मला. संध्याकाळी कळलं, ऑपरेशन झालं, पण रक्त फार गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. कधी गेलं, हे विचारायची माझी छाती झाली नाय.

तीन आठवड्यांनी ती स्वतः घरी आली. पोटाला पट्टा, जिन्यात दर पायरीला थांबत, हातात कैऱ्यांची पिशवी. ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ती थरथर कापत होती म्हणे. नर्सचा हात धरला होता, सोडवतच नव्हता. मग तिनं नर्सला वेळ विचारली.

"एक वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हटलं, आत्ता मावशी गुडघ्यावर आहेत. तवा कुठं हात सोडला मी."

व्हय व्हय म्हणून चहा टाकला असता तर कुणाला काय कळणार होतं? पण तिचं ते बघणं मला सोसेना. सांगून टाकलं सगळं. लाईव्ह, मोरपंखी साडी, काकांना मारलेली थाप. वाटलं, आता ही शिव्या देईल. शिव्या चालल्या असत्या मला.

ती हळू म्हणाली, "म्हणजे तवा माझ्यासाठी कुणीच नव्हतं."

देव होता की, असं म्हणायला गेले आणि कैऱ्यांची पिशवीच उचलून ओट्यावर ठेवली.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. "मग आता करा. पुरा तास. मी बसते."

गुडघे टेकले. तिला उठवलंस म्हणून प्रभूचे आभार मानले. डॉक्टरांसाठी, तिच्या सासूसाठी, मंडळीसाठी मागितलं. माझ्या पापाची क्षमा मागितली, रडलेही. आणि शब्द संपले. माईकसमोर न थांबता प्रार्थना करणारी मी, नुसती गप्प. एक डोळा किलकिला करून पाहिलं. ती पट्ट्यावर हात दाबून ताठ बसलेली.

"नऊ मिनिटं झाली, मावशी," ती म्हणाली.