कमलाक्काने लपवलेली साखर

आमच्या निपाणीत आजार कुणाला सांगायचा नसतो. ताप आला तर "अंग जरा मोडून आलंय" म्हणायचं, आणि साखर असेल तर काहीच म्हणायचं नाही. शेजारच्या कमलाक्काने हा अडाणीपणा सहा वर्षं केला, आणि मी तिची भागीदार. साखरेच्या गोळ्या मेडिकलातून मी आणायच्या, तिने त्या मेतकुटाच्या डब्यात लपवायच्या. तिचा एकुलता एक वीरेंद्र स्वीडनला नोकरीला. त्याला कळू द्यायचं नव्हतं.

सून रूपालीचे दिवस भरत आले, तेव्हा आक्काचं तिकडे जायचं ठरलं. परदेशात दवाखाना लागला तर, म्हणून विमा काढायचा होता. वीरेंद्र फोनवरून फॉर्म वाचत होता.

"आई, आधीचा काय आजार?"

"मला काय धाड भरलीया रं? काय न्हाय!"

मी समोरच बसले होते. फोन ठेवून ती म्हणाली, "मालू, साखर हाय म्हटलं तर येऊ नको म्हणंल. नातवाचं तोंड बघाय नको व्हय?" आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आक्का जैन, आणि नेमाची पक्की. सूर्य मावळला की तोंडात घास नाही. निपाणीत हे काही अवघड नव्हतं, सहाच्या आत जेवण उरकायचं. पण डिसेंबरात स्वीडनचा सूर्य दुपारी तीनच्या आतच बुडतो आणि सकाळी पावणेनऊला उगवतो! आक्का अडीचला भाकरी खायची, वर चोरून गोळी घ्यायची, की दुसऱ्या सकाळपर्यंत पोट रिकामं. रूपालीने किती विनवलं, पण ऐकेल ती आक्का कसली.

बारशाच्या आदल्या सकाळी बाळाच्या अंघोळीचं पाणी काढता काढता ती कोसळली. नशीब, बाळ हातात नव्हतं.

दवाखान्यात सलाईन लागलं, ती शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाई मात्र कोड्यात पडल्या. साखरेचा आजार नाही, औषध नाही, मग साखर एवढी उतरली कशी? वीरेंद्र शपथेवर सांगत होता, "आईला काहीच नाही." मग साखर उतरवणारी एखादी गाठ पोटात असू शकेल, ठेवून घेऊन तपासण्या करू, असं त्या म्हणाल्या. ते आईला सांगताना पोर रडकुंडीला आलं.

खरं सांगितलं तर विमा जाणार आणि सगळा खर्च पोराच्या बोकांडी बसणार, हे आक्काला कळत होतं. "पर त्याचं त्वांड बघवंना गं," ती मला सांगते. मग तिने सगळं सांगून टाकलं. गोळ्या, डबा, सहा वर्षं, माझं नावसुद्धा.

विमा कंपनीने हात वर केले. बिल वीरेंद्रने भरलं. घरी आल्यावर आक्का बोलणी खायच्या तयारीत बसली होती. वीरेंद्र उठला. कपाटातल्या मोज्यांखालून त्याने एक पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. साखरेच्याच गोळ्या.

"मलाबी दोन वर्षं झाली, आई. तुला घोर लागंल म्हणून सांगितलं न्हाय."

चौतिशीचं पोर. आक्काने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग त्याला पोटाशी धरून रडली.

आता ती निपाणीत आहे. नेम तोच, पण डॉक्टरांना विचारून गोळी सकाळची केली आहे. दर रविवारी मायलेक व्हिडिओवर समोरासमोर बोट टोचून साखर बघतात. परवाच्या रविवारी मी तिथेच होते. वीरेंद्र घाईघाईने म्हणाला, "एकशे तीस."

"मशीन दाव."

"अगं आई, खरंच..."

"सहा वर्सं मी तुला फसवलंय, मला शिकवू नगंस. दाव मशीन."

त्याने मशीन पुढे धरलं. दोनशे दहा. आता आक्काच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होते. ती ओरडली नाही. पदराने फोनची काच पुसली आणि म्हणाली, "बरं केलंस बाळा, दावलंस."