दिवे लागल्यावरचा विस्तव

जुन्या अकोल्यात, मोर्णेकाठच्या आमच्या आळीत, जैबूनबी आम्हा मुलींना कुराण शिकवायची. उच्चार चुकला की धडगत नसे. अर्थ मात्र तिलाही येत नव्हता, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. एका सूरेच्या शेवटच्या शब्दावर अडून ते धाडस एकदा माझ्याकडून झालं. "उस्तानी, माऊन म्हणजे काय?" ती डोळे वटारून म्हणाली, "मौलवीसाहेबांना विचारून सांगते."

तेवढ्यात मानमोडीच्या तापाची साथ आली. दारं लागली, शिकवणी बंद पडली. पुढचं तिनेच मला सांगितलं.

तिच्या शेजारी माळ्यांची पार्बताबाई राहायची. नवरा साथीत गेलेला, पोरगी शकुन तापाने फणफणलेली. एका तिन्हीसांजेला ती गोवरी घेऊन जैबूनबीच्या दारात आली.

"बी, जरासा इस्तो द्या. चूल इझली. पोरीले काढा द्याचा हाय."

चुलीत निखारे होते. पण दिवे लागल्यावर घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, ही साऱ्या आळीची रीत. हिंदूंची लक्ष्मी जाते, आमची बरकत. त्यात साथीचे दिवस. जैबूनबी घाबरली.

"दिवे लागले ना बाई. आता नाई देत."

पार्बताबाई गोवरी तशीच घेऊन परतली.

सकाळी मशिदीतून येताना मौलवीसाहेब दाराशी थांबले आणि तिने विचारून ठेवलेल्या शब्दाचा अर्थ त्यांनी पडद्याबाहेरून सांगितला. माऊन म्हणजे शेजारी सहज मागतो ती लहानसहान चीज. मीठ, भांडं, कुऱ्हाड, विस्तव. नमाज पढूनही जो ती नाकारतो, त्याचा नाश त्या सूरेत सांगितला आहे.

लहानपणापासून जैबूनबी ते शब्द गोड गळ्याने म्हणत आली होती. शेजारून खोकल्याचाही आवाज येत नव्हता. पोरगी गेली, असंच तिच्या मनाने घेतलं. खापरात निखारे भरून ती निघाली. भिंतीला भिंत लागून घर, पण दारापाशी येऊन ती थांबली. दार वाजवायची भीती वाटत होती, आणि न वाजवता परतायची त्याहून जास्त.

पार्बताबाईने दार उघडलं. शकुन भिंतीशी पडली होती. छाती हलत होती.

"मले माफ कर," जैबूनबी म्हणाली.

"त्यात काय, बी," निखारे चुलीत घालत पार्बताबाई म्हणाली. "दिवे लागल्यावर मी बी नसता देल्ला."

शकुन वाचली. जैबूनबीची भीती मात्र गेली नाही. पार्बताबाईने तो शब्द कधी ऐकला नव्हता. ही तर तो रोज म्हणत होती. पुढे मरेपर्यंत दिवा लावला की ती पेटती शेगडी ओट्यावर आणून ठेवायची आणि पावसात तिच्यावर पत्रा धरून बसायची. ज्या दिवशी विस्तव न्यायला कोणी येत नसे, त्या दिवशी तिला झोप लागत नसे.