बाकाखालचे बूट

शाळेत सगळे तिला मावशीच म्हणायचे. पोरं म्हणायची, पोरांचे आईबाप म्हणायचे, आणि वयानं दहा वर्षांनी लहान असलेल्या मोठ्या सिस्टरही मावशीच म्हणायच्या. नवरा गेला तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून ती इथं कामाला लागली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पहिली ते चौथीचे आठ वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, कुणी ओकलं की भुसा टाकून उचलायचं, कुणाचा दात पडला की कागदात बांधून दप्तरात ठेवायचा. फाटकाजवळची एक खोली शाळेनं तिला दिली होती. खाट, शेगडी आणि एक खिडकी. तेवढाच तिचा संसार.

वर्ग बंद करायची तिची एक पद्धत होती. कुलूप लावायच्या आधी दारात उभं राहून ती खच्चून ओरडायची, "राहिलंय का कुणी? राहिलं असेल तर सुट्टीभर इथंच पाढे म्हणत बसावं लागेल हं!" एखादं पोर मुद्दाम बाकाखाली लपलेलं असायचं, ते खिदळत बाहेर यायचं. त्याच्या पाठीत हलकीशी चापट मारून मग मावशी कुलूप लावायची.

पण हे वर्ष तिला जड चाललं होतं. जानेवारीत वरचा नळ चालू राहिला आणि जिन्यावरून पाण्याचे ओहोळ आले. मग एकदा ऑफिसची किल्ली दिवसभर सापडेना, शेवटी ती तिच्याच कमरेला निघाली. मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "मावशी, ईस्टर होऊ दे, मग आपण जरा बसून बोलू." हे वाक्य तीन आठवडे मावशीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. नोकरी गेली तर खोलीही जाणार, आणि खोली गेली तर जायचं कुठं?

सत्राचा शेवटचा दिवस ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला. अर्धीच शाळा. चॅपलमधल्या सगळ्या पुतळ्यांवर जांभळी कापडं टाकलेली. सिस्टरांनी यंदा नवीनच काढलं होतं, सकाळपासून घंटा नाही आणि मोठ्यानं बोलणं नाही. येशूच्या दुःखात आपणही थोडं गप्प राहायचं. साडेदहाला पाय धुण्याचा विधी झाला. सगळ्या वर्गांतून निवडलेली बारा मुलं येशूचे शिष्य झाली, व्हरांड्यातल्या बाकाखाली बूट काढून ओळीनं बसली, आणि मोठ्या सिस्टरांनी गुडघ्यावर बसून त्यांचे पाय धुतले. पाणी आणायचं, घमेली उचलायची, टॉवेल द्यायचे हे सगळं मावशीकडे. पहिलीतल्या पोरांना गुदगुल्या होत होत्या, पण हसायचं नाही म्हणून त्यांनी गाल फुगवून धरले होते.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता प्रत्येकानं एक शांत जागा शोधायची आणि तिथं गप्प बसायचं. टीचर येऊन खांद्यावर हात ठेवतील तेव्हाच उठायचं. त्याआधी नाही."

बारा वाजता फाटकात पालकांची गर्दी झाली. टीचर लोक खांद्यांवर हात ठेवत फिरले, पोरं मुक्यानंच निघाली, आणि अर्ध्या तासात शाळा रिकामी झाली. सिस्टर मंडळी आपल्या घरात प्रार्थनेला बसल्या. जाताना मोठ्या सिस्टरांनी हळूच बजावलं, "सहापर्यंत आम्हाला हाक मारू नका, मावशी. आग लागली तरच."

मावशीनं एकेक वर्ग बंद केला. दारात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि मिटलं. ओरडायचं नाही ना आज. नुसती मान आत घालून बघितलं, कुलूप लावलं. वरचे वर्ग, खालचे वर्ग, ऑफिस, चॅपल, चॅपलमागची सामानाची खोली. एका जागी सुट्टीच्या सोळा दिवसांची शांतता कोंडून टाकल्यासारखं वाटलं तिला.

दोन वाजून गेल्यावर ती व्हरांडा पुसायला बसली. फडकं बाकाखाली गेलं आणि कशाला तरी अडलं. तिनं हात घातला. बुटांचा जोड निघाला. छोटे, काळे, आत गुंडाळून ठेवलेले मोजे. डाव्या बुटाचं बक्कल तुटलं होतं आणि तिथं पांढरा दोरा बांधला होता.

"विसरभोळी मेली," मावशी पुटपुटली. आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. दप्तर विसरतं पोर, डबा विसरतं. बूट विसरून अनवाणी कोण घरी जातं?

तो दोरा तिनंच बांधला होता, सोमवारी. पहिलीतली, लाँड्रीत काम करणाऱ्या बाईची मुलगी. आईला सुटायला साडेचार होतात म्हणून रोज शाळा सुटल्यावर मावशीच्या खोलीच्या पायरीवर बसते. आज पायरीवर कुणी नव्हतं. आज मावशीला पायरीची आठवणच झाली नव्हती.

पण तिनं स्वतःला समजावलं, आई लवकर येऊन घेऊन गेली असेल. कडेवर घेऊन गेली असेल. ऑफिस उघडून तिनं नंबर शोधला. फिरवताना बोट दोनदा चुकलं.

पलीकडे यंत्रांची घरघर. "हॅलो? कोण?"

"मी शाळेतली मावशी. काही नाही गं, आज शाळा लवकर सुटली ना, तर म्हटलं..."

"लवकर? कधी?" बाईचा आवाज चढला. "मला कुठं माहीत! चिठ्ठी दिली होती का? ही पोरगी चिठ्ठ्यांची विमानं करते हो. आहे ना ती तुमच्याजवळ?"

आता बोलायचं होतं. 'नाही' एवढंच बोलायचं होतं. मावशीच्या डोळ्यांपुढे तिची खाट आली, शेगडी आली, खिडकी आली.

"आहे की," ती म्हणाली. "इथंच बसलीय."

"हुश्श! जीवच गेला होता माझा. साडेचारला येते. द्या बरं तिला फोन."

"अगं, ती... ती बाथरूमला गेलीय."

"बरं बरं. तुमच्याजवळ आहे म्हटल्यावर मला घोर नाही, मावशी."

फोन ठेवला तेव्हा रिसीव्हर घामानं निसरडा झाला होता. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

ती धावत सुटली. साठीला आलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण धावली. बाथरूममधली दारं धडाधड ढकलली. जिन्याखाली बघितलं. वर जाऊन प्रत्येक दारावर थाप मारली, "बाळा! आहेस का गं आत? मावशी आहे, ओ दे!" आतून काही नाही. पुढचं दार. काही नाही. चॅपलच्या दाराला तोंड लावून हाक मारली, मागच्या खोलीच्या दारालाही. तिचाच आवाज परत आला. कुठंच नाही म्हणजे बाहेर गेली. रस्त्यावर गेली. अनवाणी. मोठ्या रस्त्यावरून ट्रक जातात.

फाटकाकडे पळता पळता तिची नजर अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि ती थांबली.

जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं झाकण बाजूला पडलं होतं.

सकाळी नळाला पाणी नव्हतं म्हणून तिनंच टाकीतून बादल्या काढल्या होत्या. झाकण जड, घाई होती. परत येऊन लावू म्हणाली होती. कुणाला म्हणाली होती? स्वतःलाच.

ती टाकीच्या तोंडाशी गुडघ्यावर बसली. आत काळं पाणी, त्यात तिचं डोकं आणि वर आभाळाचा चौकोन. "नाही, नाही, नाही," ती बडबडत होती. जळमटं काढायचा लांब बांबू आणून तिनं आत घातला. पोटावर पालथी पडली, दंडापर्यंत हात पाण्यात. बांबू तळाला लागला. तिनं तो हळू सरकवला, एका कडेनं. जोरात सरकवायची हिंमत होईना. मध्येच बांबू कशाला तरी मऊसं लागला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिनं आयुष्यात कधी काढला नव्हता, नवरा गेला तेव्हाही नाही. तिनं बांबू वर ओढला. टोकाला फडकं होतं. गेल्या वर्षी हरवलेलं, शेवाळलेलं लादीपुसणं.

परत तळ चाचपला. चारही कोपरे. दुसऱ्यांदा. टाकीत फक्त पाणी होतं. झाकण लावताना तिचं बोट चेमटलं, ते तिला कळलंही नाही.

सव्वातीन वाजून गेले होते. सिस्टरांना सांगायला हवं. आग लागल्याशिवाय हाक मारू नका. ही आगच की. ती त्यांच्या दारापर्यंत गेली, हात उचलला, आणि खाली घेतला. आणखी एकदा बघू, तिनं मनाशी म्हटलं. याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटायची होती.

या वेळी मात्र हाका नाही. एकेक कुलूप काढून, आत जाऊन, बाकाखाली वाकून. खालचे चार वर्ग. वरचे चार. चॅपल. बाकांच्या रांगा, जांभळी कापडं. मग मागची खोली.

या खोलीला खिडकी नव्हती, वर हातभर झरोका होता, तोही फळी मारून बंद केलेला. मेणबत्त्यांच्या दांड्या, घमेली, सकाळचे ओले टॉवेल, आणि भिंतीशी टेकवलेला एका जुन्या संताचा माणसाएवढा पुतळा, डोक्यापासून झाकलेला. मावशी मागे फिरणार होती. पण कापड जिथं जमिनीला टेकत होतं तिथं तिला पाच बोटं दिसली. छोटी. मातीची नव्हेत. ती हलली.

मावशीनं कापड उचललं. पोरगी पुतळ्याच्या पायांना पाठ लावून बसली होती. डोळे टक्क उघडे, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पांढराफटक. खाली फरशीवर ओल पसरली होती. ती मावशीकडे बघत राहिली, पण हलली नाही, बोलली नाही.

"अगं... अगं माझे आई..." मावशीनं तिला उचलायला खांद्याला धरलं, आणि त्या क्षणी पोरीनं श्वास सोडला.

"झालं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"काय झालं?"

"खांद्यावर हात ठेवला ना तुम्ही. आता बोलायचं ना?"

मावशी तिथंच फरशीवर बसली. "मी हाका मारल्या गं इतक्या. ऐकू नाही आल्या?"

"आल्या. पण हात नव्हता ठेवला."

"आणि कुलूप लावलं, ते कळलं तुला?"

पोरीनं हो म्हणून मान हलवली.

"भीती नाही वाटली?"

"वाटली," ती म्हणाली, आणि मग कुठं तिचा ओठ वाकडा झाला. "खूप वाटली. शू झाली. मग मी याला घट्ट धरलं."

दोघीही मग रडल्या. पोरगी मोठ्यानं, मावशी तोंडात पदराचा बोळा घालून.

साडेचारला आई आली तेव्हा पोरगी पायरीवर बिस्कीट खात बसली होती. केस विंचरलेले, पायांत बूट. हरवलेल्या कपड्यांच्या पेटीतला निळा स्कर्ट मावशीनं तिला घातला होता, तो घोट्यापर्यंत येत होता.

आई हसली. "हे काय सोंग? कुणाचा गं स्कर्ट?"

पोरीनं मावशीकडे बघितलं. मावशी आता काय म्हणेल ते तीही म्हणणार होती, हे मावशीला स्वच्छ दिसलं. पाणी सांडलं म्हणायचं. एवढंच. आज गप्प राहून दाखवलेली पोर, हेही करून दाखवेल.

"मी हिला कोंडलं होतं," मावशी म्हणाली.

"काय?"

"चॅपलमागच्या खोलीत. जवळजवळ तीन तास. तू फोनवर बोललीस तेव्हा ही माझ्याजवळ नव्हती. कुठं होती तेच मला माहीत नव्हतं. टाकीही उघडी राहिली होती माझ्याकडून. त्यात बांबू घालून शोधलं मी."

बाईचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग ते गेलं. तिनं पोरीला चाचपलं, हात, पाय, डोकं. "खोली दाखवा," ती म्हणाली.

मावशीनं दाखवली. बाई आत गेली, आणि आतून दार लोटून घेतलं. बाहेर मावशी आणि पोरगी उभ्या राहिल्या. आतून काहीच ऐकू येईना. मावशीनं मनात आकडे मोजले, शंभरावर गेले, दोनशेवर गेले. पोरीनं तिचा पदर मुठीत धरला.

दार उघडलं. बाईचे डोळे कोरडे होते.

"आत काही दिसत नाही हो," ती म्हणाली. "आपला हातही."

"हो."

"मला म्हणालात, इथंच बसलीय."

"हो गं."

"मी तर तुम्हाला..." तिचा आवाज तुटला. तिनं पोरीला कडेवर घेतलं, सहा वर्षांची घोडी, पाय लोंबकळत होते. "सिस्टरांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"मी सांगते."

"आत्ता सांगा. मी ऐकत उभी राहते."

अजून सहा वाजले नव्हते. तिघी अंगणातून सिस्टरांच्या दाराशी आल्या. आतून प्रार्थनेची हलकी गुणगुण येत होती. मावशीनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, हातात घेतला, आणि चेमटलेल्या बोटानं दार वाजवलं. एकदा. मग जोरात, दुसऱ्यांदा.

आतली गुणगुण थांबली, आणि फरशीवर चपलांचा आवाज दाराकडे येऊ लागला.