नदीचं बोलावणं

डॉक्टरांनी मोठा दिवा बंद करून विचारलं, "ताई, माझी बोटं किती?"

"लाईट गेल्यावर कशी दिसतील?" मी म्हटलं.

लाईट गेली नव्हती. कोपऱ्यात बारीक दिवा सुरू होता आणि त्यात नर्सबाई आरामात लिहीत होत्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त शेजारून माझ्या मुलीचा, साक्षीचा, आवाज आला, "आई, मले बी काही दिसून नाई राहिलं."

डॉक्टरांनी दिवा लावला आणि साक्षीलाही तपासायच्या खुर्चीत बसवलं.

नाईट ब्लाइंडनेस, म्हणजे रातांधळेपणा. कारणं दोन असू शकतात, ते म्हणाले. एक, रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो, हा आजार घराण्यात चालतो आणि त्यावर खात्रीचा उपाय नाही. दुसरं, ए जीवनसत्त्वाची कमतरता. ती भरून निघते, पण भरपूर भाजीपाला खाणाऱ्या घरात सहसा आढळत नाही.

मी कोराडीला ब्लाउज शिवते. दिवसा सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. संध्याकाळी मात्र रस्ता पुसला जायचा. एकदा भाजी घेऊन परतताना पायांना गार लागलं, तर मी तलावाच्या पाण्यात उभी. पाण्याची भीती नाही वाटली. कोणीतरी हाताला धरून तिथवर आणलं असं वाटलं, त्याची वाटली.

घरी थोरल्या आत्याला सांगितलं. "बोलावणं आलं वं तुले," ती म्हणाली.

हा आमच्या घरातला शब्द. आजोबा वैनगंगेकाठी मासे धरायचे. पुढे त्यांनी गुरूचा उपदेश घेतला, घरात मांस-मासळी बंद केली, नदी सोडली आणि पारशिवनीकडे शेती धरली. तेव्हापासून नदी आमच्या बायांना माघारी बोलावते म्हणे. आत्याची धाकटी बहीण मंजुळा अशीच दिवेलागणीला निघून गेली आणि सापडली नाही. एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. त्या दिवशी हसू आलं नाही.

मग इलेक्ट्रोरेटिनोग्राम झाला. अंधारात बसवून डोळ्यांवर उजेडाचे झटके देतात आणि पडदा काय उत्तर देतो ते मशीन टिपतं. त्या काळोखात कोणीतरी माझा हात धरला. साक्षी असेल म्हणून मीही घट्ट धरला आणि मनात म्हटलं, माझं काय व्हायचं ते होवो, पोरीचं नको. बाहेर आले तर साक्षी बाकावर बसलेली. टेक्निशियन बाईंचा हात असावा. मी विचारलं नाही.

रिपोर्ट आले. पडदा शाबूत होता, दोघींच्या रक्तात ए मात्र जवळपास नव्हतंच. मी तिथेच रडले. मग जनुकांचीही तपासणी झाली.

आजोबांचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "पालक-गाजरातल्या रंगाचं शरीराला ए बनवावं लागतं. तुमच्या जनुकातल्या फरकामुळे ते नीट होत नाही. दूध तुम्हा दोघींना पचत नाही. माझा अंदाज असा, की नदीकाठी छोटी मासळी डोक्यासकट खाल्ली जायची, त्यातून तयार ए मिळायचं, म्हणून कोणाला कळलं नाही. माणूस गाव सोडतो, ताई. शरीर जुनंच ताट मागत राहतं."

ए-चे डोस त्यांनी मोजून दिले. तुमच्याकडे असं कोणाला झालं तर या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, जास्त झालेलं ए-ही बाधतं. तपासणी करा. आमचं दैव बलवत्तर, वेळेत कळलं. काही दिवसांनी तिन्हीसांजेला साक्षीने मला अंगणातली मांजर दाखवली. राखेच्या रंगाची होती, तरी दिसली.

मी आनंदाने आत्याला सगळं समजावलं. नदीचं काही नव्हतं, मंजुळाआत्याला घर दिसलं नसेल.

आत्या दारापर्यंत गेली, ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "'माय वं, घर कुठी हाये?' म्हून ओरडून राहिली होती ते. आमी साऱ्या ओट्यावर उभ्या होतो. दिवेलागणीले बाहेरून आवाज आला त ओ देऊ नये म्हनत. कोनी ओ नाई देल्ली."

क्लासवरून येताना साक्षीला आता सगळं दिसतं. तरी गल्लीच्या तोंडाशी आली की ती सवयीने "आई" म्हणते. मी शिलाई मशीनवरून उठेपर्यंत आत्या ओट्यावर जाऊन ओ देऊन मोकळी होते.