साफ केलेले आवाज

प्रल्हाद साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एक दार शोधत होतो. मालिकेतल्या सासूला रागानं दार आपटून जायचं होतं आणि परदेशी सीडीवरच्या डझनावारी दारांपैकी एकही आपल्याकडच्या दारासारखं वाजेना. फोनवर प्रल्हादचा मेहुणा होता. भावोजी पहाटे झोपेतच गेले, एवढंच तो म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा दारं ऐकायला बसलो. दहा-बारा दारं ऐकली असतील... मग हात चालेना.

प्रल्हाद अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासनीस होता आणि विठ्ठलवाडीला चाळीत पहिल्या मजल्यावर राहायचा. मी बदलापूरचा, नोकरी मुंबईतल्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. ऐंशीच्या सुमारास एका हौशी नाटकाच्या तालमीत आमची गाठ पडली. नाटकाला आवाज देण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी लावलेल्या बैलगाडीला हा गृहस्थ विंगेतून नाक मुरडत होता. त्याचं म्हणणं, ही गाडी रिकामी आहे आणि नाटकात तर तीत भाताची पोती आहेत. मला राग आला. पण घरी जाऊन पुन्हा ऐकलं, तर गाडी खरंच रिकामी होती.

पुढे स्टुडिओनं मोडीत काढलेला, खांद्याला अडकवायचा एक स्पूल टेपरेकॉर्डर मी त्याला मिळवून दिला आणि मग सुट्टीच्या दिवशी हा माणूस घरी सापडेना. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या शिलाई मशीनची रांग, डेपोत सकाळी चालू न होणारी एसटी, शेजारणीचा कुकर, सगळं तो टिपून आणायचा. एकदा कॅम्प चारमधल्या एका सिंधी कापडवाल्याला त्यानं भर दुपारी शटर पाडायला लावलं. तो शेठ हात जोडून म्हणाला, "साळवे साब, धंधे के टाइम शटर? लोग समझेंगे मैं मर गया।" तरी भिडेखातर त्यानं शटर ओढलं. ते पाहून शेजारच्या तिघांना वाटलं सेल्स टॅक्सची धाड आली, आणि त्यांनीही धडाधड आपली शटरं खाली घेतली. प्रल्हादला एका शटरच्या मोलात चार मिळाली. पुढे कित्येक मालिकांत दंगलीच्या प्रसंगाला मी तीच चार शटरं वाजवली. टीव्हीवर ऐकलं की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा, "काल आपला शेठ पुन्हा मेला."

त्याची एक सवय मात्र मला नडायची. आवाज टिपण्याआधी टेपवर त्याचं नाव सांगायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाजच. कोणता आवाज, कितव्यांदा, संपलं. प्रल्हाद तेवढ्यावर थांबेल तर शपथ. "साळवे बोलतोय. विठ्ठलवाडी. हवा दमट आहे. पाटीलबाईंनी कुकर लावलाय, तूरडाळीचा, आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत. पहिली शिट्टी." मग कुठे ती शिट्टी. आणि शेवटीही "झालं" म्हणून गप्प बसणं नाही, शिट्टी कशी वाटली तेही सांगायचा. टेप काय झाडाला लागते का, म्हणून मी त्याच्यावर डाफरायचो. तो नुसता हसायचा.

नव्वदीनंतर स्टुडिओत परदेशी आवाजांच्या सीडी आल्या. काय सांगू तुम्हाला त्यांची सफाई! पानावर पडलेला पाण्याचा थेंब वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, मागे कसली म्हणजे कसली खरखर नाही. मी पहिल्याच दिवशी त्या आवाजांच्या प्रेमात पडलो. पण त्यांत कुकर नव्हता, शटर नव्हतं, आणि कावळे तर आपले नव्हतेच. तेव्हा मालक म्हणाले, आपलीही अशी लायब्ररी करू, पण सफाई त्यांच्या तोडीची हवी. आवाज कुणाकडे आहेत ते मला ठाऊक होतं. प्रल्हादनं बारा वर्षांचे स्पूल दोन गोण्यांत भरून माझ्या हवाली केले. त्याच्या मागे-पुढे केलेल्या बडबडीचं काय करू, असं मी त्याला विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, विचारलं होतं.

"काप," तो म्हणाला. "आवाज पाहिजे लोकांना. साळवे कुणाला पाहिजे?"

मी कापला. सहा-सात महिने मी एकेक आवाज डिजिटल टेपवर घेत होतो आणि दोन्ही बाजूंनी प्रल्हाद तासून काढत होतो. कोरे स्पूल महाग, म्हणून उतरवून झालेले पुसून पुन्हा कामाला लावले. तोही रिवाजच. काम इतकं स्वच्छ झालं की मालकांनी माझी पाठ थोपटली. आणि मी खूश झालो, हे लिहिताना आज लाज वाटते.

तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला बाजूला बोलावलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडची माणसं येणार होती. "भाऊजी, फोटो आमच्याकडं पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. "आवाज तुमच्याकडं आहे. त्या दिवशी जरासा ऐकवा." मी मान हलवली. चार रात्री लायब्ररी पालथी घातली. प्रल्हादनं टिपलेले शेकडो आवाज होते आणि प्रल्हाद कुठेच नव्हता. मशीन बिघडलंय असा निरोप मी पाठवला आणि कार्यक्रमाला मंडपात शेवटच्या रांगेत बसलो. भंतेजींनंतर दोघे-तिघे त्याच्याविषयी बोलले. त्यांचं काहीच माझ्या कानात शिरलं नाही.

गेल्या रविवारी मात्र राहवेना. जे होतं त्यातलं थोडं कॅसेटवर उतरवून विठ्ठलवाडीला गेलो आणि मशीनचं खोटं होतं इथपासून सगळं वहिनींना सांगून टाकलं. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. त्या म्हणाल्या, "ते स्वतः आहेत असं एकतरी असेल ना?" एक होतं. लायब्ररीत त्याचं नाव 'पुरुष, चप्पल, लाकडी जिना, चढताना'. टेप खांद्याला लावून तो स्वतःच चाळीचा जिना चढला होता. त्यांच्याच टेपरेकॉर्डरवर मी ते लावलं. प्रल्हादची चप्पल उजव्या पायाला जरा घासायची, ते इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की मी खाली बघत राहिलो. वहिनींचे ओठ हलत होते. पावलं थांबली.

"आमच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "ह्या वीसच झाल्या."

एकविसाव्या पायरीवर तो बोलला होता, म्हणून मी तिथे कापलं होतं. "सुमे, दार उघड गं, हात भरलेत," असं तो म्हणाला होता. एका हातात माइक, दुसऱ्यात भाजीची पिशवी असणार. पुढे कडीचा आवाज होता आणि वहिनी हसल्या होत्या. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. मग म्हणाल्या, "कसं म्हणाले, तसं म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवायला गेलो. शब्द तेच होते, पण ते माझ्या तोंडून आले... त्यांनी मान हलवली. असू दे, म्हणाल्या. कॅसेट त्यांनी स्वतःच मागे घेतली आणि पुन्हा लावली. या वेळी त्या बसल्या नाहीत. घासणारी चप्पल जिना चढत आली, आणि विसाव्या पायरीला वहिनींनी जाऊन दाराची कडी काढली.